लोकसंख्येचा 'स्फोट' आणि सह्यांचे निवेदन : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सुधीर देशमुख (बी विंग) :
सर्वांना नमस्कार. आज ११ जुलै, जागतिक लोकसंख्या दिन. त्या निमित्ताने आलेला एक व्हिडिओ वर पाठवला आहे, तो सर्वांनी अवश्य पाहावा. २०५० पर्यंत आपला देश २०० कोटींच्या पुढे जाणार आणि अन्नपाण्यासाठी घराघरांत भांडणे होणार, असे त्यात सांगितले आहे. काल रात्री दोन वृत्तवाहिन्यांवरही हाच विषय चालू होता. दोनच अपत्यांचा कायदा सक्तीने लागू करावा, यासाठी एका निवेदनावर सह्या गोळा होत आहेत. आपल्या सोसायटीतूनही सह्या जाव्यात असे मला मनापासून वाटते.

अनुराधा जोशी (ए विंग) :
सुधीरराव, नमस्कार. आपली तळमळ खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. मी मात्र त्या निवेदनावर सही करणार नाही, आणि का करणार नाही हे जरा सविस्तर लिहिते, कारण आरोग्य खात्यात नर्सबाई म्हणून लागल्यापासून पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त होईपर्यंत माझी सारी नोकरी याच कामात गेली.

आधी त्या २०० कोटींविषयी. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १७० कोटींवर पोहोचेल आणि तेथून उतरू लागेल. २०५० साली काय, त्यानंतरही २०० कोटींचा आकडा त्या अंदाजात कोठेच येत नाही. आपल्या देशातली मोजणी तर आणखी स्पष्ट बोलते. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९२-९३ साली एका स्त्रीमागे सरासरी ३.४ अपत्ये होती, ती २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत २.० वर आली. लोकसंख्या आहे तेवढीच टिकून राहण्यासाठी साधारण २.१ अपत्ये लागतात, म्हणजे आपण त्या रेषेच्या खाली उतरलो आहोत. महाराष्ट्राचा आकडा १.७ आहे, गोव्याचा १.३. ज्याला स्फोट म्हणून दाखवले जाते, त्याची वात आपल्याकडे केव्हाच विझली आहे.

मग लोकसंख्या अजून वाढते कशी, असा प्रश्न येईल आणि तो योग्यच आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या मुलामुलींची संख्या फार मोठी होती आणि आज तीच पिढी आईबाप होण्याच्या वयात आहे. प्रत्येक घरात दोनच मुले झाली तरी अशी घरेच संख्येने जास्त असल्यामुळे एकूण जन्म मृत्यूंपेक्षा अधिक राहतात. ही पिढी पुढे सरकली की वाढही थांबते. उद्या कितीही कडक कायदा केला तरी या तरुण पिढीची संख्या कमी होणार नाही, कारण ती आधीच जन्मलेली आहे. आणखी एक गोष्ट वाहिन्यांवर कधी सांगितली जात नाही. स्वातंत्र्याच्या वेळी आपले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरच्या घरात आहे. १९७१ साली हजार जिवंत जन्मांमागे १२९ बाळे वर्षभराच्या आत दगावत होती, आज तो आकडा तिशीच्या खाली आहे. आपली संख्या वाढली ती मुख्यतः माणसे जगू लागली म्हणून, आणि याचे दुःख मला करता येत नाही.

ही भीती नवीनही नाही. अमेरिकेतील पॉल एर्लिक यांनी १९६८ साली एक गाजलेले पुस्तक लिहिले. दिल्लीच्या गर्दीतून टॅक्सीने जाताना आलेल्या अनुभवापासून त्यांनी सुरुवात केली आणि १९७० च्या दशकात जगात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील असे भाकीत केले. त्यानंतर चारच वर्षांनी आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला. आपल्यापैकी ज्येष्ठांना तो आठवत असेल : खडी फोडायची कामे, शाळेत मिळणारी सुकडी, रेशनवरची लाल मिलो ज्वारी. पीक बुडाले होते, हाल अतोनात झाले. तरीही रोजगार हमीच्या कामांमुळे आणि रेशनच्या धान्यामुळे भाकितातली ती उपासमार महाराष्ट्रात झाली नाही. १९६५-६६ साली देशाचे अन्नधान्य उत्पादन सुमारे ७.२ कोटी टन होते, २०२२-२३ साली ते सुमारे ३३ कोटी टन झाले. लोकसंख्या या काळात तिपटीच्या आतच राहिली आणि धान्य साडेचार पटींवर गेले.

पराग कुलकर्णी (सी विंग) :
काकू, आपण आकडे दिलेत ते बरे झाले. तरीही एक शंका मोकळेपणाने विचारतो. सरासरी कमी झाली असेल, पण ती सगळीकडे सारखी झाली का? एका समाजाने कुटुंब नियोजन करायचे आणि दुसऱ्याने करायचे नाही, असे चालले तर पन्नास वर्षांत देशाचे चित्रच पालटेल, असे आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर रोज वाचतो.

अनुराधा जोशी (ए विंग) :
पराग, शंका मनात ठेवण्यापेक्षा विचारलीस हे चांगले केलेस. १९९२-९३ साली हिंदू स्त्रियांचा जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये, ३.३ होता आणि मुस्लिम स्त्रियांचा ४.४. २०१९-२१ मध्ये ते अनुक्रमे १.९ आणि २.४ झाले. म्हणजे दोन्ही समाजांत घट झाली, मुस्लिम समाजात ती अधिक झाली आणि दोहोंमधले अंतर निम्म्याहून कमी उरले. आता हेच आकडे राज्यांनुसार पाहा. बिहारचा जननदर ३.० आहे आणि केरळचा १.८. जम्मू-काश्मीरचा १.४ आहे, म्हणजे महाराष्ट्रापेक्षाही कमी. शिक्षणाचा फरकही तितकाच मोठा आहे : शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रियांना सरासरी २.८ अपत्ये आहेत, बारा किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांना १.८.

मी वस्तीत फिरत असे तेव्हा दोन मुलांवर थांबलेल्या आणि पाच मुलांपर्यंत गेलेल्या, अशा दोन्ही तऱ्हेच्या स्त्रिया सर्वच धर्मांत भेटत. पाच मुले असलेल्या घरात विचारपूस केली की बहुतेक वेळा तीच कहाणी निघायची : मुलीचे लग्न सोळाव्या वर्षी झालेले, पहिले बाळ दगावलेले, तांबी बसवायला सासू तयार नाही आणि आरोग्य केंद्र लांब. यातली एकही गोष्ट धर्माने ठरवलेली नाही. राज्यात आजही वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले आहे. तुझ्या ऑफिसच्या ग्रुपवर या आकड्याची चर्चा झाली तर मला फार आनंद होईल.

सुधीर देशमुख (बी विंग) :
अनुराधाताई, आपला अनुभव मोठा आहे, तरी मला काही गोष्टी पटत नाहीत. आपल्याच सोसायटीत उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. हे सारे डोळ्यांना दिसत असताना लोकसंख्येचा प्रश्नच नाही असे कसे म्हणायचे? शिवाय चीनने सक्ती केली म्हणूनच तो देश पुढे गेला, आणि आपल्याकडेही आणीबाणीत निदान धाक तरी होता.

अनुराधा जोशी (ए विंग) :
सुधीरराव, प्रश्नच नाही असे मी म्हटलेले नाही. टँकर आणि गर्दी यांचे कारण जन्मदरात शोधणे चुकीचे आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या कमी झाली, साधारण ३३ लाखांवरून ३१ लाखांवर आली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचीही लोकसंख्या त्याच दशकात घटली. आपल्यापैकी अनेकांची गावे तिकडेच आहेत. गणपतीला गेल्यावर वाडीतली किती घरे वर्षभर कुलूपबंद असतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट किती उरला आहे, हे आपण स्वतः पाहतो. माणसे रोजगारासाठी काही मोजक्या शहरांच्या कडेला एकवटली आणि तेथे पाणी, गाड्या, घरे त्या प्रमाणात वाढवली गेली नाहीत. दोन अपत्यांच्या कायद्याने यातले काय सुधारेल? पाण्याचेच बोलायचे तर राज्यातल्या लागवडीच्या अगदी लहान क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो. हवामान बदलाचे खापरही अनेकदा गरीब देशांतल्या मुलांवर फोडले जाते, पण सरासरी भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडला कारण होतो आणि सरासरी अमेरिकन माणूस सुमारे चौदा टनांना.

आता सक्तीविषयी, कारण याच मुद्द्यावर माझा जीव सर्वाधिक तुटतो. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. आपल्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक १९७६ साली संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते बारगळले. त्या धाकाने साधले काय, तर पुरुषांनी या शस्त्रक्रियेकडे कायमची पाठ फिरवली. पाचव्या सर्वेक्षणात नसबंदी करून घेतलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आहे आणि पुरुषांचे ०.३ टक्के, तेही पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी आणि सुरक्षित असताना. आणीबाणीचे ओझे बायकांच्या अंगावर आले ते अजून उतरलेले नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा आणीबाणी संपून बराच काळ लोटला होता, तरी नसबंदीचे 'टार्गेट' होतेच. मार्च जवळ आला की 'केसेस' पूर्ण करायच्या म्हणून आमची धावपळ सुरू होई. शिबिराच्या दिवशी सकाळपासून उपाशी असलेल्या बायका जीपमधून आणल्या जात आणि शस्त्रक्रियेनंतर शाळेच्या वर्गात सतरंजीवर ओळीने निजवल्या जात. बाहेर व्हरांड्यात कोणाची तरी नणंद तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेली असे. त्यांतली एक बाई शुद्धीवर येताना माझा हात धरून विचारत राहिली, "बाई, आता शेतात कधी जाता येईल?" कारण तिच्या घरी दुसरे कमावणारे कोणी नव्हते. तिला विश्रांतीचे किती दिवस लागतील, हे शस्त्रक्रियेपूर्वी कोणीही समजावून सांगितलेले नव्हते. १९९६ साली वरून येणारी लक्ष्ये रद्द झाली, तेव्हा आम्हा नर्सबायकांना केवढे हलके वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही. घाई मात्र सगळीकडे संपली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर डझनभराहून अधिक स्त्रियांचा मृत्यू झाला. सह्यांच्या त्या निवेदनात सक्ती हा शब्द वाचला की मला हे सारे दिसते.

चीनचे उदाहरण आपण दिलेत म्हणून सांगते. तेथे १९८० च्या सुमारास एका अपत्याचा नियम आला, २०१६ पासून दोन अपत्यांना आणि २०२१ मध्ये तीन अपत्यांना परवानगी द्यावी लागली, आणि २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटू लागली आहे. मुळात नियम येण्याआधीच, १९७० च्या दशकात, तेथील जननदर निम्म्याहून कमी झाला होता. दुसरीकडे केरळने १९८८ च्या सुमारास आणि तमिळनाडूने १९९३ च्या सुमारास २.१ ची रेषा गाठली, तीही अशा कोणत्याही कायद्याशिवाय. इराण आणि बांगलादेश येथेही मुली शाळेत गेल्या, गर्भनिरोधके घरापर्यंत पोहोचली आणि सहा-सातवर असलेला जननदर दोनच्या आसपास आला. आपल्याच मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र सुरू केले तेव्हा लोकांनी त्यांची निंदा केली, नोकरीही गेली. स्त्रीचे आरोग्य आणि तिच्या शरीरावरचा तिचा हक्क, हा त्यांच्या कामाचा पाया होता. माझ्या मते आजही याच वाटेने जायला हवे.

स्नेहल पाटील (बी विंग) :
अनुराधाकाकू, मला नेमका उलटा अनुभव येत आहे. आमची मुलगी तीन वर्षांची झाली. आता नातेवाईक म्हणतात की आपली माणसे कमी होत चालली आहेत, दुसरे मूल लवकर होऊ द्या. दक्षिण कोरिया संपत चालला, आता आपली पाळी, असे व्हिडिओ मला दर आठवड्याला येतात. एकाच फोनवर सकाळी स्फोट आणि संध्याकाळी विनाश, अशी माझी अवस्था झाली आहे.

अनुराधा जोशी (ए विंग) :
स्नेहल, या दुसऱ्या भीतीलाही तितक्याच सावधपणे घ्यायला हवे. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ होता हे खरे आहे. आंध्र प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये लोकांना अधिक मुले होऊ देण्याचे आवाहन केले, हेही खरे आहे. पण आपला देश २.० वर आहे आणि लोकसंख्या अजून काही दशके वाढणार आहे, त्यामुळे आपण संपत चाललो आहोत या म्हणण्याला आधार नाही. वृद्धांचे प्रमाण वाढणार आहे, त्यासाठी निवृत्तिवेतन, घरपोच शुश्रूषा आणि नोकरी करणाऱ्या आयांसाठी पाळणाघरे यांची तयारी आतापासून करावी लागेल. तू दुसरे मूल होऊ द्यावेस की नाही, हे तू आणि तुझा नवरा ठरवा. देशाची संख्या राखण्याची जबाबदारी कोणीही तुझ्यावर टाकू नये.

सुधीर देशमुख (बी विंग) :
अनुराधाताई, पाण्याच्या बाबतीत मी अजून आपल्याशी पूर्ण सहमत नाही, त्यावर स्वतंत्रपणे बोलू. मात्र २०० कोटींचा आकडा मी पडताळून न पाहता पुढे पाठवला होता, म्हणून तो व्हिडिओ काढून टाकत आहे. रविवारच्या सभेत निवेदनावर सह्या घेण्याआधी आपण हे सारे सर्वांसमोर मांडावे, अशी विनंती आहे.

अनुराधा जोशी (ए विंग) :
अवश्य येईन, सुधीरराव. आपल्या जिल्ह्याचे सर्वेक्षणाचे पत्रक छापून आणते. त्यात अल्पवयीन विवाह, रक्तक्षय आणि कुटुंब नियोजनाच्या साधनांची न भागलेली गरज असे तीन रकाने आहेत. आपले निवेदन त्या तीन गोष्टींसाठी असेल, तर पहिली सही माझी.