मदत हवी आहे: सोलर तापतोय, पण एकाच बाजूच्या फ्लॅटना कोमट पाणी (सांगली)

विश्रामबागकर:
विश्रामबागेत चार मजली अपार्टमेंट, मजल्यावर दोन फ्लॅट. गच्चीवर पाणी तापवणारा सामाईक सोलर, ५०० लिटर, काचेच्या ट्यूबवाला, बिनदाबाचा (पाणी नुसत्या उंचीच्या जोरावर उतरतं). गरम पाण्याचे सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) दोन रायझर, म्हणजे गच्चीवरून खालपर्यंतचे उभे पाइप. डाव्या रायझरवर सकाळी कोमट पाणी येतं, उजव्यावर चटका बसेल इतकं गरम. सोलरवाला म्हणतो ट्यूबा बदला. शिवाय सोलरच्या एअर व्हेंटमधून (हवेच्या उघड्या नळीतून) अधूनमधून गच्चीत पाणी सांडतं, आणि चौथ्या मजल्यावर पहाटे फ्लशच्या टाकीत कोमट पाणी असतं. काय करावं?

पाइपरेंच:
ट्यूबांना हात लावू नका. एकाच टाकीतून निघालेला एक रायझर गरम आणि दुसरा कोमट, म्हणजे टाकी चांगली आहे. डाव्या बाजूला कुठल्या तरी फ्लॅटमध्ये थंड लाइन गरम लाइनला मिळालीय. कोणी प्रेशर पंप बसवलाय का? पंपामुळे थंड लाइनला दीड-दोन बार दाब असतो. सोलरच्या लाइनला फक्त उंचीचा, म्हणजे दर १० मीटरला १ बार. वाट मिळाली की थंड पाणी रायझरमधून उलटं चढतं, सोलरच्या टाकीत घुसतं आणि व्हेंटमधून सांडतं.

शोधायचं असं. सकाळी वापर सुरू व्हायच्या आधी गच्चीवर डाव्या रायझरचा व्हॉल्व्ह बंद करा. थंड लाइन आणि पंप चालूच ठेवा. तळमजल्यावर सिंकचा गरम नळ बादलीत सोडा. चौथ्या मजल्यावरचाही एक गरम नळ उघडा, नाहीतर हवा न शिरल्याने पाणी पाइपातच अडकून राहतं. एक इंची सीपीव्हीसीत मीटरला अर्ध्या लिटरच्या आतच पाणी मावतं, म्हणजे अख्ख्या रायझरमध्ये पाच-सहा लिटर. २० लिटरची बादली भरूनही धार तुटली नाही, तर ते पाणी सोलरचं नाही. मग एकेका फ्लॅटचा थंडचा मेन व्हॉल्व्ह बंद करत जा. ज्याने धार तुटेल तो फ्लॅट.

विश्रामबागकर:
केलं. बादली भरून वाहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला धार तुटली. तिथे पंप आहे, बाथरूममध्ये १५ लिटरचा गीझर, वॉल मिक्सर (गरम-थंड एकत्र करणारा नळ), आणि कमोडचा जेट मिक्सरवरूनच काढलाय. गीझर मात्र महिनोन्‌महिने बंद असतो म्हणतात.

कृष्णाकाठ:
गीझर बंद म्हणजे वीज बंद, पाण्याची वाट उघडीच की! गीझरचं आउटलेट टी (तीन तोंडांचा जोड) लावून सोलरच्या लाइनला जोडलं असेल, तर पंपाचं थंड पाणी गीझरमधून सरळ रायझरमध्ये जातं. पावसाळ्यात सोलर तापत नाही म्हणून प्लंबर ही जोडणी करून देतात, आणि मधला व्हॉल्व्ह एक तर बसवत नाहीत, किंवा तो कायम उघडा राहतो. परत तीच चाचणी करा आणि यावेळी फक्त गीझरच्या इनलेटचा व्हॉल्व्ह बंद करा. धार तुटली तर गीझर. नाही तुटली तर जेट: मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून नुसता जेटचा ट्रिगर सोडला, तर दोन्ही लाइनी मिक्सरच्या पोटात दिवसभर एक होऊन बसतात. जेट फक्त थंडच्या टू-वे अँगल कॉकवर (दोन तोंडांच्या कॉकवर) घ्या, छोटं काम आहे.

विश्रामबागकर:
गीझरच निघाला. आता एक एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) टाकला की झालं ना?

पाइपरेंच:
नुसत्या एनआरव्हीवर विसंबू नका. बोअरचं पाणी असेल तर क्षार बसून तो वर्षा-दोन वर्षांत उघडाच अडकतो आणि पुन्हा हेच सुरू. सोलरची लाइन फ्लॅटमध्ये शिरते तिथे बॉल व्हॉल्व्ह, आणि गीझरच्या इनलेटला दुसरा. दोन्हीपैकी एकच उघडा ठेवायचा. सोलरच्या बॉल व्हॉल्व्हनंतर एनआरव्ही, बाण फ्लॅटच्या दिशेने, दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा जोड), म्हणजे काढून व्हिनेगरमध्ये टाकता येतो. स्प्रिंगचा नको, गच्चीच्या एवढ्याशा दाबात धार बारीक होते. फ्लॅपचा घ्या आणि आडव्या पाइपात बसवा. गीझरच्या आउटलेटला व्हॉल्व्ह लावू नका आणि सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारू नका. सोलरच्या व्हेंटलाही नाही, सांडतंय म्हणून लोक तेही करतात.

त्या फ्लॅटवाल्यांना आधीच सांगून ठेवा: पंप फक्त थंडला असेल तोवर मिक्सरमध्ये गरम पाणी दबणारच. बाथरूमची थंड लाइन पंपाच्या आधीच्या पाइपातून घ्यावी. पंप सोलरच्या लाइनला लावू देऊ नका, बाकीच्या फ्लॅटचं पाणी ओढून घेईल.

विश्रामबागकर:
आणि चौथ्या मजल्यावरचा फ्लश?

कृष्णाकाठ:
तो वेगळा घोळ. सोलरला थंड पाणी देणारा पाइप चौथ्या मजल्याच्या डाउनटेकमधूनच (ओव्हरहेड टाकीतून खाली येणाऱ्या थंड पाइपातूनच) काढलाय का बघा. तसा असेल तर खाली एकदम पाणी ओढलं गेलं की सोलरच्या तळाचं पाणी उलटं त्या लाइनीत उतरतं. ती लाइन यूपीव्हीसीची असेल तर सांधेही ढिले होतील, तो पाइप गरम पाण्यासाठी नसतोच. ओव्हरहेड टाकीला वेगळं भोक पाडून सोलरला स्वतंत्र फीड द्या.

विश्रामबागकर:
हो, एकाच टीवर दोन्ही आहेत. रविवारी ओव्हरहेड टाकी रिकामी करून घेतो.

पाइपरेंच:
टाकी रिकामी करायच्या आधी सोलर भरलेला आहे ना बघा, आणि काम संध्याकाळी घ्या. भर उन्हात कोरड्या तापलेल्या ट्यूबांत थंड पाणी गेलं की त्या तडकतात.