पासपोर्ट काढताना, रिन्यू करताना काय काय झालं? मुंबईकरांनो, लिहा

मुलगा म्युनिकला असतो, सुनेचे दिवस दिवाळीच्या सुमारास भरतायत, तेव्हा आम्हा दोघांना जायचंय. काल ह्यांचा पासपोर्ट कपाटातून काढला (शालींच्या खाली होता, डांबरगोळ्यांचा वास मारतोय नुसता) तर तो डिसेंबरात संपतोय! माझा अजून चार वर्षं आहे. शेजारचे म्हणतात एजंटला देऊन टाका, मुलगा फोनवर म्हणतो आई अजिबात नको, पंधरा मिनिटांचा फॉर्म आहे. पंधरा मिनिटं त्याची, माझी नव्हे. तर ज्यांनी हल्ली हे सगळं केलंय त्यांनी जरा आपापलं लिहा, चुका झाल्या असतील तर त्या आधी लिहा.

दादरचा नोकरदार
काकू, डिसेंबरवर अजिबात जाऊ नका. जर्मनी शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर चालणारे युरोपातले देश) येतं, तिथून परत निघायच्या तारखेनंतर पासपोर्ट अजून तीन महिने तरी चालू असावा लागतो, आणि काढून दहा वर्षं झालेली नसावीत. बाकी बऱ्याच देशांना तर सहा महिने लागतात. मोठ्यांचा पासपोर्ट संपायच्या एक वर्ष आधीपासून रिन्यू करता येतो हे मलाही माहीत नव्हतं, मी शेवटच्या महिन्यापर्यंत थांबून तत्काळचे दोन हजार जास्त भरले, म्हणजे पंधराशेच्या जागी साडेतीन हजार. आणि फॉर्ममध्ये 'रिन्यू' शोधत बसू नका, तिथे त्याला 'री-इश्यू' म्हणतात. मी त्यातच अर्धा तास घालवला.

गोरेगावची, सध्या भाड्याने
माझी चूक सगळ्यात मोठी असेल म्हणून सविस्तर लिहिते. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, आम्ही तिथून दोन स्टेशनं पुढे भाड्याने. आधारवर पत्ता जुनाच. मी विचार केला दोन-तीन वर्षांनी परत तिथेच जायचंय, कशाला बदला, आणि फॉर्मवर जुना पत्ता ठोकून दिला. पासपोर्ट सेवा केंद्रावर सगळं मस्त झालं, ए काउंटर, बी काउंटर, सी काउंटर, तासाभरात बाहेर, मी रस्त्यावर उभी राहून वडापाव पण खाल्ला त्या आनंदात. पुढे पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार पत्त्यावर गेले तर तिथे हिरवे पत्रे, आत खड्डा आणि एक वॉचमन. वॉचमनने इमानदारीत सांगितलं, साहेब इथे कोणीच राहत नाही. रिपोर्ट गेला की अर्जदार या पत्त्यावर राहत नाही!

खोटं काहीच नव्हतं त्यात, म्हणून कोणाशी भांडायचीही सोय नाही. मग बीकेसीला विदेश भवनात, म्हणजे मुख्य पासपोर्ट ऑफिसला, जाऊन लिहून दिलं, भाड्याच्या घराचं रजिस्टर्ड अॅग्रीमेंट दाखवलं, फाईल पुन्हा पोलिसांकडे गेली, या वेळी इथल्या पोलीस स्टेशनला. तोवर माझी सिंगापूरची ऑफिसची ट्रिप दुसरीलाच मिळाली होती. ज्यांची बिल्डिंग पाडलीय त्यांनी आत्ता जिथे झोपताय तोच पत्ता द्या. शिवाय पासपोर्ट स्पीड पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो, पोस्टमन काय खड्ड्यात टाकणार आहे का.

पार्ल्याची सून
@गोरेगाव, वॉचमन 😂 सॉरी, पण हसू आलं.
आमचं नावाचं प्रकरण. सासूबाईंचा पहिलाच पासपोर्ट, नणंदेकडे दुबईला जायचं होतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सिंधू आणि माहेरचं आडनाव, लग्नात नाव बदलून विमल केलेलं, बँकेत विमल, आधारवर विमलबाई. एकाच बाईचे तीन अवतार. त्या काळात तांदळात नाव लिहायचे, त्याचं सर्टिफिकेट कोण देणार? शेवटी नावबदलाचं गॅझेट केलं महाराष्ट्र शासनाचं, म्हणजे सरकारी राजपत्रात नावबदल छापून घेतला (अर्ज ऑनलाईन होतो हल्ली, माझे बाबा चर्नी रोडच्या सरकारी प्रेसला चकरा मारायचे त्यासाठी), मग आधारवरचं 'बाई' काढलं आणि मग पासपोर्टचा फॉर्म. क्रम हाच ठेवा, आधी नाव एक करा आणि मग फॉर्म भरा. सासूबाई मात्र गॅझेटची प्रिंट हातात घेऊन बराच वेळ गप्प बसल्या होत्या. मग म्हणाल्या, छापील सिंधू मी शाळेनंतर आज पाहिली.

आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडून सगळं नाव एकाच रकान्यात कोंबू नका. आणि पासपोर्टवर नाव एकाच शब्दाचं असेल तर यूएईचा टुरिस्ट व्हिसा अडू शकतो.

वरळीची रांग पाहिलेला
तुम्ही एक तासात बाहेर येता याचंच मला कौतुक. वरळीला अॅनी बेझंट रोडवर ऑफिस होतं तेव्हा आम्ही पहाटेच्या लोकलने जाऊन रांग लावायचो, नंबर यायच्या आत डबा संपायचा. तो माझा पहिला पासपोर्ट हाताने लिहिलेला होता, अक्षर माझ्यापेक्षा वाईट. चालू द्या.

नवी आई, कांदिवली
बाळाचा काढला, सात महिन्यांची होती. महापालिकेचा जन्मदाखला घेतला तेव्हा बारसं झालेलं नव्हतं, त्यामुळे नावाची जागा कोरी. आधी वॉर्ड ऑफिसला जाऊन नाव चढवून घेतलं. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. चार वर्षांच्या आतल्या मुलांचा फोटो आपण न्यायचा, पांढऱ्या बॅकग्राउंडवर. पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढला, चाळीसेक फोटोंत एकात डोळे उघडे. फी हजार, आठच्या आतल्यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सूट म्हणून नऊशे. लहानांचा पाचच वर्षं चालतो. नवरा जहाजावर होता, आईबाबा दोघांच्या सहीचा संमतीचा फॉर्म, अॅनेक्श्चर डी, त्याने जायच्या आधीच सही करून ठेवला म्हणून वाचलो.

धागाकर्ती
वाचतेय सगळं. आमचा पत्ता तोच आहे देवाच्या कृपेने, बिल्डिंग पडायला आलीय पण पाडलेली नाही. एक विचारायचं, ह्यांचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे, रेशनला आणि बँकेत मशीनवर कधीच जुळत नाही. ठसे आले नाहीत तर परत पाठवतात का?

लालबागची लेक
काकू, माझ्या आईचं हेच. अडुसष्ट वर्षांची, जन्मभर भाकऱ्या थापून आणि भांडी घासून बोटं गुळगुळीत. ए काउंटरवरच्या मुलीने चारदा बोट ठेवायला लावलं, चारदा लाल दिवा. आईचा चेहरा असा झाला जणू तीच काहीतरी लपवतेय. मग त्या मुलीने ओला टिश्यू दिला, तरी नाही. मग ती म्हणाली, आजी, बोट कपाळावर घासा जरा. आईने कपाळावर घासलं, तेल लागलं बोटाला, आणि लागला हिरवा! टिकली थोडी सरकली त्यात, ती नीट करायची राहिली आणि लगेच फोटो काढला, त्यामुळे दहा वर्षं आईची टिकली भुवईवर. परत नाही पाठवलं. कपडे गडद घाला, मागचा पडदा पांढरा असतो. चष्मा काढायला सांगतात.

बोरिवलीकर
एजंटच्या वेबसाईटपासून सावध. सर्च केल्यावर पहिली जी आली तिच्यात मी सगळी माहिती भरली, पैसे भरले, आणि नंतर कळलं ती सरकारी नाहीच. सरकारी एकच, पासपोर्टइंडिया, शेवटी डॉट गव्ह डॉट इन. पैसे गेले ते गेले, आधारची कॉपी पण गेली त्याची धाकधूक अजून आहे. अपॉइंटमेंट मात्र लोअर परळ, अंधेरी, मालाड तिन्हीकडे बघा, जिथे लवकरची मिळेल तिथे घ्या. तारीख तीनदाच बदलता येते, त्या संधी उगाच वाया घालवू नका.

धागाकर्ती
भरला! पंधरा मिनिटं नव्हे, दोन संध्याकाळी आणि मुलाचे तीन व्हिडिओ कॉल. री-इश्यू निवडलं, जुन्या पासपोर्टवरचं स्पेलिंग आधारशी अक्षर अक्षर लावून पाहिलं, एका ठिकाणी डब्ल्यू आणि व्ही होतं, ते आधी आधारला दुरुस्त केलं. गुरुवारची अंधेरीची मिळालीय, सकाळी पावणेदहा. ह्यांनी इस्त्रीला पांढरा शर्ट काढला होता, तो परत टांगलाय. आता टीव्हीसमोर बसून बोटांना खोबरेल चोळतायत, आणि मी सांगितलं तर ऐकत नव्हते, लालबागच्या आजींचं वाचून दाखवलं तेव्हा लगेच बाटली मागितली.