आमच्या टूलरूमचे नाना : आठवणी लिहा

नाना गेले. निवृत्त होऊन ११ वर्षं झाली होती, तरी त्या दिवशी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात हत्यारं आणि साचे घडवतात त्या आमच्या विभागात, दुपारपर्यंत कोणी मोठ्याने बोललं नाही. नंतर भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या धाकट्या मुलीने विचारलं, "बाबा कामावर कसे होते हो? घरी काहीच सांगायचे नाहीत." मी अडखळलो. म्हणून हा धागा. कृपा करून 'देवमाणूस होते' एवढ्यावर थांबू नका, प्रसंग लिहा. भांडण झालं असेल तर तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मी शिकाऊ होतो, तिसरा की चौथा आठवडा. ४८ मिलिमीटर व्यासाचा बुश, म्हणजे मध्ये भोक असलेला पोलादाचा गोल तुकडा, लेथवर (तुकडा फिरवत कापणाऱ्या मशीनवर) करायला दिला होता. बाहेरच्या मापात वर काही सूट नाही आणि खाली फक्त ०.०२५. घाईत मी कूलंट (कापताना थंड ठेवणारं द्रव) न सोडताच शेवटचा कट मारला, तुकडा चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, असतानाच मायक्रोमीटर हे बारीक मापाचं साधन लावलं. बरोबर ४८.००! ऐटीत नानांसमोर नेऊन ठेवला. त्यांनी हात लावला, चटका बसला, म्हणाले, "राहू दे इथं. डबा खाऊन ये." परत आलो तर माप ४७.९७. पोलाद तापलं की फुगतं. ४८ मिलिमीटरला पन्नासेक अंश चढले की मिलिमीटरचे जवळजवळ तीन शतांश वाढतात. मोजमापाच्या खोलीचं तापमान २० अंश का ठेवतात ते त्या दिवशी कळलं. नाना रागावले नाहीत. "थंड होऊ दे, मग मोज," म्हणाले आणि तो बुश उचलून खिशात टाकला. भंगारात टाकला असणार, असं मी धरून चाललो.

ड्रॉइंग ऑफिसमधून

मी नवीन होते आणि माझ्या ड्रॉइंगवर मला फार अभिमान होता. नाना जिना चढून वर यायचे, कागद टेबलावर पसरायचे आणि विचारायचे, "बाई, हा आतला कोपरा तुम्ही कशाने काढला असता?" मी काटकोनी खाच दाखवली होती. फिरणारा कटर गोल असतो, आतला कोपरा तो कधीच धारदार काढू शकत नाही, हे पुस्तकात वाचलेलं मी विसरले होते. शिवाय असा कोपरा ठेवला तर हार्डनिंगला, म्हणजे पोलाद तापवून कडक करताना, तिथूनच तडा जातो. त्यांना हे सगळं ठाऊक होतं, पण 'चुकलंय' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. खाली लोकांना म्हणे सांगायचे, "बाईंनी कोपरा बदलून दिला." कोपरा त्यांनीच बदलायला लावला होता! आजही कुठलीही आतली कड काढताना आधी त्रिज्या लिहिते.

फिटर, दुसरी पाळी

भांडणाचं विचारलंत म्हणून सांगतो. आमच्यात तीन आठवडे बोलणं बंद होतं. मी चकची चावी चकमध्येच विसरलो आणि मशीन चालू करायला हात पुढे केला. नाना पलीकडून ओरडले. असे ओरडले की अख्खं शॉप थांबलं. सगळ्यांदेखत मला अडाणी म्हणाले. स्पिंडल फिरला असता तर चावी गोळीसारखी सुटली असती, समोर मीच होतो, हे मला कळत होतं. तरी अपमान तो अपमान. चौथ्या आठवड्यात ते स्वतः आले. म्हणाले, "शब्द वाईट होता, ओरडणं नव्हतं." माफी अर्धीच मागितली. मला अजून वाटतं, अर्धीच बरोबर होती.

स्टोअर

घेतलेली कानस ब्रशने साफ करून परत देणारा एकच माणूस. बाकीच्यांबद्दल बोलत नाही.

सीएनसी विभाग

नवीन सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं, आलं तेव्हा नाना दोन महिने त्याच्या बाजूने पाठ करून जायचे. एक दिवस वही घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. मी २३ वर्षांचा आणि मला म्हणतात, "सर, सुरुवातीपासून सांगा." मी म्हटलं, नाना, सर नका म्हणू. "मग शिकवणार कसा?" वहीत त्यांनी मशीनच्या आज्ञांची स्वतःची भाषा केली होती: जी शून्य म्हणजे पळ, जी एक म्हणजे काप. मी आता नव्या मुलांना तसंच शिकवतो. प्रोग्रॅम मात्र त्यांना शेवटपर्यंत नीट जमला नाही, हे खरं आहे.

धाकटी मुलगी

सगळं वाचलं. आईला वाचून दाखवलं. 'ओरडले' यावर तिचा विश्वास बसत नाही.

घरचं थोडं सांगते. दशांश अपूर्णांक मला शाळेत कधी कळले नाहीत. बाबांनी मायक्रोमीटर हातात दिला. एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, गोल भागावर ५० रेघा, मग एक रेघ किती? मग मी घरातलं सगळं मोजत सुटले. कागद, पान, माझा केस ०.०७, आईचा ०.०५. बाबा म्हणाले, "लग्नात जाड होता, माझ्यामुळे झिजला." आई हसली नाही, पण तो केस तिने टाकूनही दिला नाही.

घरात वाद पेटला की तेही म्हणायचे, "थंड होऊ दे." मला वाटायचं, टाळतात. कधीकधी टाळतही होते.

आता एक विचारायचं आहे. बाबांच्या ड्रॉवरमध्ये पोलादाचा एक तुकडा आहे, मध्ये भोक, त्यावर टोकदार काहीतरी घासून '४७.९७' लिहिलंय. विजेची बिलं त्याच्याखाली असायची. कोणाचा?

धागा काढणारा

माझा. भंगारात गेला नाही तर.

धाकटी मुलगी

ड्रॉवरच्या मागे पत्र्याचा डबा सापडला. त्यात आणखी सहा आहेत, सगळ्यांना तेल लावलेलं. आकडे लिहिते, आपापला ओळखा: १२.४६, २०.०९, ३१.९४, ३५.०५, ६३.८८. एकावर आकडा नाही, फार जुना दिसतो. आई म्हणते, तो त्यांचा स्वतःचा असेल.

फिटर, दुसरी पाळी

३१.९४ माझा. तिथेच राहू द्या ताई. माझा मुलगा आता त्याच शॉपमध्ये आहे.