जेवणापलीकडचा वास

वास गेला की जेवणाची मजा जाते, बाकी फारसं बिघडत नाही, या मताशी मी सहमत नाही. जेवणाचं खरंच आहे. नाक चिमटीत धरून कॉफीचा घोट घ्या, नुसतं कडू लागेल. चिमटी सोडली की घशामागून वास नाकात चढतो आणि मग कुठे ती कॉफी होते. जीभ गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्या चवी ओळखते, बाकी सगळं नाकाचं काम.

पण माझा वास काही महिने गेला होता तेव्हा दूध करपून भांडं काळं झालं तरी मी शेजारच्या खोलीत निवांत बसून होते. गॅस गळला असता तर? त्याला मुद्दाम दिलेला उग्र वास आपल्यासाठी नसल्यातच जमा. आणि बाळाच्या टाळूला नाक लावलं, काहीच आलं नाही. त्या दिवशी मी रडले.

कोविडमध्ये विषाणू मुख्यतः वास टिपणाऱ्या चेतापेशींवर नाही, तर त्यांना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो, म्हणून अनेकांचा वास परत येतो. चेतापेशीही नव्याने तयार होत राहतात. मात्र परतताना कॉफीला जळक्या रबराचा वास येऊ शकतो, घाबरू नका.

वास परत यायला मदत व्हावी म्हणून नाकाला सराव द्यायचा: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे चार वास रोज दोनदा, लक्ष देऊन हुंगायचे. किमान 12 आठवडे. कंटाळवाणं आहे, पण सोडू नका. सर्दीशिवाय अचानक वास गेला असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.