आधी मुंबईची फर्म की आधी तालुक्याचं कोर्ट? (परीक्षेच्या रविवारासकट)

कुडाळची_वकील

मावसभाऊ यंदा ऑल इंडिया बार एक्झामला (एलएल.बी. नंतर वकिली करायची तर द्यावी लागणारी परीक्षा) बसतोय. त्याला फोनवर सांगितलं तेच इथे लिहिते. भांडायचं तर खुशाल भांडा.

परीक्षेचं आधी उरकते. १०० प्रश्न, माझ्या वेळी साडेतीन तास होते, चुकलं तरी गुण कापत नाहीत, ४५ मिळाले की पास (अनुसूचित जाती-जमातींना ४०). राज्यघटना १०, दिवाणी प्रक्रिया १०, फौजदारी प्रक्रिया १०, दंड कायदा ८, पुरावा ८. झाले ४६. आता ४६ पैकी ४६ कोणाला मिळत नाहीत, म्हणून कौटुंबिक कायद्याचे ८ आणि करार-मालमत्तेचे ८ जोडीला घ्या. कंपनी कायद्याच्या दोन गुणांसाठी रात्र जागवू नका.

बेअर ॲक्ट (नुसती कलमं छापलेली कायद्याची पुस्तकं) आत नेता येतात, पण कोरे. कलमाखाली निवाड्यांच्या टिपा छापलेली आवृत्ती माझ्या शेजारच्या मुलीकडून दारातच काढून घेतली, आणि बिचारी सगळी तयारी त्याच पुस्तकावर करून आली होती. थोरल्या भावाची जुनी पुस्तकंही नेऊ नका. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे, ३०२ शोधत बसाल तर खून १०३ मध्ये सापडेल. आणि पुस्तक जवळ आहे म्हणून निवांत राहू नका. एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं येतात. पहिली फेरी पुस्तक न उघडता, अडलेल्यांवर खूण, मग दुसऱ्या फेरीत पानं उलटा.

खरी गोची प्रवासाची. माझी परीक्षा २२ डिसेंबर २०२४ ला होती, केंद्र मुंबई. डिसेंबर अखेर म्हणजे गोव्याच्या गाड्या तुडुंब. त्यात परीक्षा रविवारी आणि रविवारी मेगाब्लॉक! कोकणकन्येने पहाटे उतरून तसंच केंद्रावर जाणार म्हणणारे दोघे माझ्या ओळखीचे आहेत, गाडी लेट झाली आणि फी पाण्यात. शुक्रवारी रात्री निघा. शनिवारी केंद्राच्या फाटकापर्यंत एकदा जाऊन या. डोंबिवलीच्या काकांकडे उतरणार असाल तर ब्लॉकचं वेळापत्रक शनिवारीच बघा. आणि काकूने कितीही आग्रह केला तरी आदल्या रात्री तिसऱ्यांचं सुकं नको.

आता वादाचं. पास झालात की पहिली दोन वर्षं मुंबईच्या फर्ममध्ये काढा, गावचं कोर्ट कुठे पळून जात नाही. मी सध्या लोअर परळला आहे. पगार म्हणत नाहीत, रिटेनर म्हणतात, १० टक्के टीडीएस कापून येतो (रिटर्न भरा, बहुतेक परत मिळतो). पण एक तारखेला येतो. आमच्याच जिल्ह्यातल्या एका सिनिअरकडे आधी गेले होते. ‘पैशाचं नंतर बघू, आधी शीक’ म्हणाले. घरी आंब्याची कलमं आहेत आणि त्या कलमांवर कर्ज आहे. फुकट शिकायला मागे कोणीतरी कमावतं लागतं.

राजापूरचा_जुना_बार

४६ चं गणित झकास, पोरांनी भिंतीवर चिकटवावं. पुढचं पटलं नाही. फर्ममध्ये आल्यापासून तू किती वेळा न्यायाधीशांसमोर उभी राहिलीस? एकदा तरी उलटतपास घेतलास?

माझ्याकडे आलेला ज्युनिअर पहिल्या महिन्यात पुरसीस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) लिहितो, नकलेचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा ते शिकतो, निशाणी ५ वर (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) सहा मिनिटं बोलतो आणि त्यातली चार मिनिटं चुकीचं बोलतो. तेच शिक्षण. पायवाट अडवली तर दिवाणी दावा लावायचा की १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे जायचं, हे त्याला आलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून कळायला लागतं. काचेच्या इमारतीत हा म्हातारा येत नाही.

आणि गणपती. आमच्याकडच्या सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, निम्मी मुंबईत, चार बडोद्याला. वर्षभर सह्यांना कोणी सापडत नाही. त्या पाच दिवसांत सगळे हिस्सेदार एका पडवीत. हक्कसोडपत्राचा मसुदा, वकालतनाम्यावर सह्या, कधी कधी अख्खी तडजोड आरतीनंतरच्या चहावर होते. ज्युनिअरने ते बघायला हवं. तेव्हा तू कुठे असतेस?

कुडाळची_वकील

@राजापूर, गेल्या गणपतीत लोअर परळलाच होते. तो वार बसला, मान्य. समोर उभं राहण्याचं म्हणाल तर चार वेळा, चारही वेळा तारीख मागायला. पण एका करारावर सहा वेळा लाल शाई खाल्ली आहे. आमच्याकडचे दावे वाचा, ‘सदरहू मिळकतीत सदरहू प्रतिवादीने’ करत तीन पानं जातात आणि चतुःसीमा चुकलेली असते.

माकाय_सांगा

गे बाय, ह्या सगळा बरा, पण माझ्या झिलाची गजाल आयक. फर्मवाल्यांनी रजा दिली दीड दिसाची, आमचो गणपती पाच दिसांचो. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेवन बसलो तर घरात रेंज नाय, म्हणान भायर कलमाखाली खुर्ची टाकून. भटजीन इचारल्यान, ह्यो रुसलो काय?

तीन_वर्षं_मोजतोय

दोघांनीही एक गोष्ट सोडली. ज्याला न्यायाधीश व्हायचंय त्याचं काय? २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ही वर्षं तात्पुरत्या सनदीच्या (वकील म्हणून नोंदणीच्या) तारखेपासून मोजतात, बार एक्झाम पास झाल्यापासून नव्हे. म्हणजे एलएल.बी. झाल्यावर ‘परीक्षा होऊ दे, मग सनदीचं बघू’ म्हणत बसणं हा निव्वळ तोटा. सनदीची फी आता अडचण नाही. ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर खुल्या वर्गाला ७५० च्या वर मागता येत नाहीत.

वकिली केल्याचा दाखला मात्र किमान १० वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा लागतो आणि त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं शिक्कामोर्तब. ज्या पोरीला कोर्टात कोणी पाहिलंच नाही तिच्या कागदावर ते कशाच्या जोरावर सही करतील? जेएमएफसी (हीच कनिष्ठ न्यायाधीशाची परीक्षा) डोक्यात असेल तर मी तालुकाच सांगेन. फर्म धरलीच तर कोर्टात उभी राहणारी.

अलिबाग_टायटल

मी फर्मच्या बाजूने, पण कारण वेगळं. आमच्याकडे मुंबईच्या फर्म ३० वर्षांचा टायटल सर्च (जमिनीच्या मालकीचा शोध) मागतात. मुंबईत वाढलेला असोसिएट सूची दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) नीट वाचतो, फेरफारावर अडखळतो. इतर हक्कात ‘कूळ’ दिसलं की घाबरतो, आणि कूळकायद्याच्या ३२-ग ची (कुळाने जमीन विकत घेतल्याची) खरेदी झालेली दिसली तरी कलम ४३ ची पुढे विकण्यावरची बंधनं विचारायची राहतात. घेणारा शेतकरी आहे का, हा तर पहिलाच प्रश्न, तोही शेवटी आठवतो. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण जुने वाद उकरले की खोतांची नावं अजून निघतात. हे ज्याने लहानपणी आजोबांच्या ट्रंकेत पाहिलंय तो पोरगा फर्मला सोन्यासारखा. फक्त ते त्याने मुलाखतीत बोलून दाखवलं पाहिजे. आपली मुलं इंग्रजीच्या धास्तीने सातबाऱ्याचं नावच काढत नाहीत.

चिपळूण_सिनिअर

स्टायपेंडवर बोलायचं होतं, कारण ‘पैशाचं नंतर बघू’ मीही म्हटलेलं आहे. तो सिनिअर मी नव्हे, पण असू शकलो असतो. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं, ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्या. सल्ला आहे, सक्ती नाही. मी देत नाही, कारण माझ्याकडे तेवढे येत नाहीत. वाटपाचा दावा पंधरा वर्षं चालतो आणि अशील फी हप्त्याने देतो, कधी हापूसच्या पेटीने. मी पेट्रोल देतो, दुपारचं जेवण देतो आणि किरकोळ जामीन-बिमीन आले तर फी ज्युनिअरची. याहून जास्त बोललो तर खोटं बोललो.

कुडाळची_वकील

@चिपळूण, हे एवढं पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर मी कदाचित राहिले असते. राग पैसे नाहीत याचा नव्हता हो. विचारणं म्हणजे उद्धटपणा, असं धरून चालतात त्याचा होता.

आंबा_घाट_अप_डाऊन

तुमची बेरीज २०२५ च्या आधीची आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला चालू झालंय, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्यात येतात. आधी हायकोर्टाचं काम शिकायचं तर मुंबईत खोली घ्यावी लागायची. आता मी सकाळी रत्नागिरीहून निघतो, मॅटर बोर्डावर (त्या दिवशीच्या यादीत) वर असेल तर रात्री घरी जेवायला. पावसात घाटाचा भरवसा नाही, तेव्हा आदल्या दिवशी जातो. अपील स्वतः ड्राफ्ट करतो, कोल्हापूरचे सिनिअर लाल शाई मारतात. तुला लाल शाईच हवी आहे ना? मग लोअर परळच कशाला?

अलिबाग_टायटल

रायगड त्यात नाही बरं का. आम्हाला मुंबईच.

राजापूरचा_जुना_बार

तुम्हाला मांडव्याहून बोट आहे, रडू नका.

कुडाळची_वकील

@आंबा_घाट, याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही. मी फर्म धरली तेव्हा हा पर्याय नव्हता. तरी स्टायपेंडची भोकं कोल्हापूर बुजवत नाही, म्हणून घरची परिस्थिती माझ्यासारखी असेल त्याला अजूनही मुंबईच सांगेन. ज्याला वर्षभर घरून जेवण मिळतं त्याच्यासाठी ‘दोन वर्षं फर्म’ मागे घेते.

तीन_वर्षं_मोजतोय

स्वतः दीड वर्ष काढून दोन वर्षांचा सल्ला देत होतीस हेही मागे घे.

कुडाळची_वकील

घेतलं!

मावसभाऊ_मीच

सगळं वाचलं. फर्म की कोर्ट ते निकालानंतर बघू. तुतारीचं शुक्रवारचं तिकीट वेटिंग ४१ आहे. कन्फर्म होईल का, की आत्ताच एसटी बुक करू?

राजापूरचा_जुना_बार

एसटी बुक कर, आणि गुरुवार रात्रीची कर. हायवेचं काम कुठे चालू असेल सांगता येत नाही. तिकीट कन्फर्म झालं तर एसटी रद्द करता येते. आणि पिशवीतली पुस्तकं आत्ता उघडून बघ, कलमांखाली टिपा आहेत का.