स्पॅनिशमध्ये माणसाचे वर्णन: रूपाचे आणि स्वभावाचे शब्द वापरात कसे आणावेत?

रानजाई

नमस्कार. मी पुण्यात स्पॅनिश शिकते आहे आणि देले या स्पॅनिश भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या ए-२ पातळीची तयारी करते आहे. या पातळीच्या तोंडी परीक्षेत एका छायाचित्राचे वर्णन करावे लागते. त्यात माणसे कशी दिसतात, त्यांनी काय घातले आहे, ती कोणत्या मनःस्थितीत असावीत हे सांगणे ओघाने येतेच. वर्गात आम्हाला शब्दांची दोन रकान्यांची यादी दिली आहे. डावीकडे रूपाचे शब्द आहेत: आल्तो म्हणजे उंच, बाखो म्हणजे बुटका, देल्गादो म्हणजे सडपातळ, रुबिओ म्हणजे सोनेरी केसांचा. उजवीकडे स्वभावाचे आहेत: आमाब्ले म्हणजे प्रेमळ, सिंपातिको म्हणजे मनमिळाऊ, पेरेसोसो म्हणजे आळशी, ताकान्यो म्हणजे कंजूष. दोन्ही रकाने मला तोंडपाठ आहेत, परंतु चित्र समोर आले की शब्द आठवूनही वाक्य उभे राहत नाही आणि कोणत्या शब्दाला कोणते क्रियापद लावायचे याचा गोंधळ उडतो.

नमुना म्हणून आजोबांविषयी लिहिलेली पाच वाक्ये देते. मला म्हणायचे होते ते असे: माझे आजोबा उंच आहेत. त्यांचे केस पांढरे आहेत. त्यांना चष्मा आहे. ते समजूतदार आहेत. मला ते फार आवडतात. मी लिहिले ते असे: मिस आबुएलोस सोन आल्तोस. सुस पेलोस सोन ब्लांकोस. तिएनेन गाफास. एस्तान सेन्सिब्लेस. मे गुस्तान मुचो. यात नेमके काय चुकले आहे, आणि यादी पाठ करण्यापलीकडे जाणकारांनी कोणता मार्ग धरला होता, हे कृपया सांगावे.

पिंपळपान

रानजाई, मी स्पॅनिश शिकवतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. तुमच्या वाक्यांतल्या चुका मराठीच्या सवयीतून आलेल्या आहेत आणि मराठी विद्यार्थ्यांच्या वह्यांत त्या मला दरवर्षी भेटतात.

पहिले वाक्य वाचणाऱ्या स्पॅनिश माणसाला तुमचे आजी-आजोबा दोघेही उंच आहेत असे वाटेल. आपण आजोबांना, सरांना, सासूबाईंना आदरार्थी बहुवचन लावतो. स्पॅनिशमध्ये एका माणसाविषयी बोलताना असे बहुवचन नाही. समोरच्याला आदराने 'उस्तेद' म्हणतात, पण त्याचेही क्रियापद एकवचनीच असते. म्हणून 'मि आबुएलो एस आल्तो' एवढेच पुरे. हे बहुवचन एकदा पहिल्या वाक्यात शिरले की पुढच्या प्रत्येक क्रियापदात आणि विशेषणात पसरते, तसे ते तुमच्या पाचही वाक्यांत पसरले आहे.

दुसऱ्या वाक्यात रचनाच बदलावी लागेल. मराठीत 'त्यांचे केस' कर्ता होतात, स्पॅनिशमध्ये माणूस कर्ता राहतो आणि केस त्याच्याजवळ 'असतात': तिएने एल पेलो ब्लांको. यात 'सुस' गेले, त्याच्या जागी 'एल' आले, आणि डोक्यावरचे सगळे केस मिळून 'पेलो' हा एकवचनी शब्द झाला. डोळ्यांचेही तसेच: तिएने लोस ओखोस बेर्देस, म्हणजे डोळे हिरवे आहेत. गालावरच्या खळ्या, तीळ, जखमेचा वण, हे सारे 'तेनेर' या क्रियापदाने सांगतात, आणि वयसुद्धा त्यानेच सांगतात.

चष्म्यासाठी मात्र 'येबार' हे क्रियापद हवे: येबा गाफास. 'तिएने गाफास' म्हटले तर त्यांच्याकडे चष्मा आहे एवढेच कळते, तो नाकावर आहे की कपाटात ते कळत नाही. जे घालता येते किंवा आपण हौसेने ठेवतो त्याला 'येबार' शोभते, म्हणजे कपडे, चष्मा, टोपी, आखूड कापलेले केस. दाढी-मिशांना 'तेनेर'ही चालते आणि 'येबार'ही.

आता 'सेर' आणि 'एस्तार'. दोन्हींचा अर्थ 'असणे'; 'एस' हे पहिल्याचे रूप, 'एस्ता' हे दुसऱ्याचे. कायमच्या गुणाला 'सेर' आणि तात्पुरत्या अवस्थेला 'एस्तार' हा नियम सर्रास शिकवला जातो. मला तो लंगडा वाटतो, कारण मेलेल्या माणसालाही 'एस्ता मुएर्तो' असेच म्हणतात आणि मरणापेक्षा कायमचे दुसरे काय असणार? मराठी माणसाला याहून चांगली खूण घरातच सापडते. जिथे आपल्या तोंडी 'बसलेला आहे', 'दमलेला आहे', 'रागावलेला आहे', 'झोपलेला आहे' अशी '-लेला' रूपे येतात, तिथे बहुतेक वेळा 'एस्तार' लागते: एस्ता सेन्तादो, एस्ता कान्सादो, एस्ता एन्फादादो, एस्ता दोर्मिदो. लग्न झालेले असले तर 'एस्ता कासादो', आणि मेलेलाही याच रांगेत बसतो. छायाचित्रातल्या माणसांविषयी बोलताना अशी वाक्ये फार लागतात. दुसरी खूण 'दिसणे' ही. मुलगा मुळातच देखणा असेल तर 'एस ग्वापो', पण नवा सदरा घालून आला म्हणून 'आज छान दिसतोस' म्हणायचे असेल तर 'एस्तास ग्वापो'. या खुणांनी सगळी वाक्ये सुटत नाहीत, परंतु परीक्षेपुरती निभावतात.

काही विशेषणांचा अर्थ क्रियापदाबरोबर बदलतो, आणि ती यादीत एकटी शिकण्यात काही अर्थ नाही. 'एस लिस्तो' म्हणजे हुशार, 'एस्ता लिस्तो' म्हणजे तयार. 'एस आबुर्रिदो' म्हणजे कंटाळवाणा, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे कंटाळलेला. 'एस ओर्गुयोसो' हा बहुधा गर्विष्ठ माणूस, तर 'एस्ता ओर्गुयोसो' हा मुलाचा निकाल पाहून अभिमान वाटणारा बाप. 'बुएनो'बाबत विशेष जपा. 'एस बुएनो' म्हणजे भला माणूस. 'एस्ता बुएनो' जेवणाला म्हटले तर ते चविष्ट आहे, पण माणसाला म्हटले तर तो त्याच्या देहावरचा चावट शेरा होतो, आणि आजोबांच्या वर्णनात तो नक्कीच नको.

चौथ्या वाक्यातला 'सेन्सिब्ले' इंग्रजीच्या वाटेने आलेला दिसतो. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ हळवा, संवेदनशील. समजूतदारासाठी 'सेन्सातो' हा शब्द आहे. याच जातीचे आणखी दोन शब्द परीक्षेत दगा देतात: 'एदुकादो' म्हणजे शिकलेला असे वाटते, पण रोजच्या बोलण्यात तो रीतभात पाळणारा असतो, आणि 'फोर्माल' म्हणजे शब्दाला जागणारा, भरवशाचा. पाचव्या वाक्याला 'लो किएरो मुचो' म्हणा. 'मे गुस्ता' माणसाला लावले की प्रेमप्रकरणाचा वास येतो. नुकत्याच ओळख झालेल्या माणसाचा स्वभाव आवडला असेल तर 'मे काए बिएन' म्हणतात, आणि 'मला आवडतो' या आपल्या रचनेमुळे ते मराठी माणसाच्या तोंडात लवकर बसते.

सरावासाठी माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातले बेलास्केसचे १६५६ सालचे 'लास मेनिनास' हे चित्र घ्या. मधोमध फिकट सोनेरी केसांची राजकन्या मार्गारिता आहे, तिच्या दोन्ही बाजूंना दासी आहेत, डावीकडे कुंचला घेऊन स्वतः मिशाळ चित्रकार उभा आहे, उजव्या कोपऱ्यात मुलासारखा दिसणारा एक ठेंगू माणूस बसलेल्या कुत्र्यावर पाय ठेवतो आहे आणि मागच्या दारात जिन्यावर एक माणूस थबकला आहे. दररोज एकच व्यक्ती घेऊन तिच्याविषयी 'सेर', 'तेनेर', 'येबार' आणि 'एस्तार' यांचे प्रत्येकी एक वाक्य मोठ्याने म्हणा. शब्दसंख्या थोडी राहिली तरी चालेल.

मांडवीकाठ

वरच्या उत्तरात बहुतेक सारे आले आहे. गोव्यातून एक भर घालतो. आमच्या घरात १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत गेलेली वडीलधारी माणसे होती, त्यामुळे पोर्तुगीज कानावरून गेलेली होती, आणि स्पॅनिश शिकताना तिचा जेवढा आधार झाला तेवढाच अडसरही झाला. 'सेर' आणि 'एस्तार' पोर्तुगीजमध्येही आहेत, म्हणून तो भाग सोपा गेला. वर्णनाच्या शब्दांत मात्र सापळे आहेत. पोर्तुगीज 'रुइवू' म्हणजे तांबड्या केसांचा, आणि त्याच्यासारखाच ऐकू येणारा स्पॅनिश 'रुबिओ' म्हणजे सोनेरी केसांचा. तांबड्या केसांना स्पॅनिशमध्ये 'पेलिर्रोखो' म्हणतात. पोर्तुगीज 'लार्गू' म्हणजे रुंद, तर स्पॅनिश 'लार्गो' म्हणजे लांब, म्हणून 'पेलो लार्गो' हे लांब केस झाले. पोर्तुगीजमध्ये 'इश्किझितू' माणूस विचित्र असतो, स्पॅनिशमध्ये 'एक्स्किसितो' ही वाखाणणी आहे. ज्यांच्या घरात पोर्तुगीजचे अवशेष आहेत त्यांनी हे शब्द आधीच वेगळे काढून ठेवावेत.

रानजाई

दोघांचेही मनापासून आभार. '-लेला'ची खूण कालपासून लावून पाहते आहे, तेव्हा एक अपवादही सापडला: 'उभा आहे' यात '-लेला' नाही, तरी पुस्तकात 'एस्ता दे पिए' असे दिले आहे. तो तसाच लक्षात ठेवीन. आता आणखी दोन शंका. आपण सहज गव्हाळ, सावळा, निमगोरा म्हणतो. स्पॅनिशमध्ये कातडीच्या रंगाविषयी बोलावे का, आणि बोलायचे झाल्यास कोणत्या शब्दांत? दुसरे म्हणजे स्वभावाचे शब्द रूपाच्या शब्दांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्यांना काही धरबंध आहे का?

दूरदेशी

मी नोकरीनिमित्त मेक्सिकोत राहते, तेव्हा पहिल्या शंकेचे उत्तर इथल्या अनुभवावरून देते. गव्हाळ रंगासाठी लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत 'त्रिगेन्यो' हा शब्द आहे. 'त्रिगो' म्हणजे गहू, त्यामुळे आपल्याला तो पाठ करावा लागत नाही. 'मोरेनो'चा पसारा मोठा आहे. स्पेनमध्ये तो काळ्या केसांच्या माणसालाही लावतात आणि सावळ्यालाही, तर 'एस्ता मोरेनो' म्हणजे उन्हात रापलेला. गोऱ्या किंवा सोनेरी केसांच्या माणसाला मेक्सिकोत 'ग्वेरो' म्हणतात. बाजारात तर भाजीवाले गिऱ्हाइकाचा रंग न पाहताच 'ग्वेरिता' अशी हाक मारतात, आणि माझ्यासारख्या सावळ्या बाईलाही ती ऐकू येते. त्याच सोनेरी केसांच्या माणसाला कोलंबियात 'मोनो' आणि व्हेनेझुएलात 'कातिरे' म्हणतात. कुरळ्या केसांना पुस्तकात 'रिसादो' असते, इथे 'चिनो'. बुटक्याला इथे 'चापार्रो', अर्जेंटिनात 'पेतिसो'. चष्मा स्पेनमध्ये 'गाफास', इथे 'लेन्तेस', अर्जेंटिनात 'आन्तेओखोस'. एवढेच काय, स्पेनमध्ये देखण्याला म्हणतात तो 'ग्वापो' कॅरिबियन बेटांवर दांडगा, भांडायला उठणारा माणूस ठरू शकतो.

रंगाविषयी बोलावे का, याचे उत्तर नात्यावर अवलंबून आहे. इथे 'फ्लाको' म्हणजे काटकुळा आणि 'गोर्दो' म्हणजे जाडा, ही हाक मित्रांत आणि नवरा-बायकोत लाडाने मारतात. अर्जेंटिनाची गायिका मेर्सेदेस सोसा सगळ्या खंडात 'ला नेग्रा' म्हणजे काळी म्हणूनच ओळखली जाई, आणि १९७८चा फुटबॉल विश्वचषक जिंकणाऱ्या अर्जेंटिनाच्या संघाचे प्रशिक्षक मेनोत्ती यांना लोक 'एल फ्लाको' म्हणत. पण ही मोकळीक जवळिकीतून येते, म्हणून नवख्या परकीयाने कोणालाही तशी हाक मारू नये. अनोळखी माणसाविषयी बोलताना शब्दाला '-इतो' जोडून तो मऊ करतात: 'बाखितो', 'गोर्दितो'. म्हाताऱ्या माणसाला 'बिएखो' म्हणण्यापेक्षा 'मायोर' म्हणणे सभ्यपणाचे.

पिंपळपान

दूरदेशींची माहिती मोलाची आहे, पण रानजाईंनी परीक्षेपूर्वी ती सगळी डोक्यात भरू नये असे माझे मत आहे. परीक्षेत कोणत्याही स्पॅनिशभाषक देशाची प्रमाण भाषा चालते. तुमच्या वर्गात जी शिकवतात तीच सलग वापरा. एका वाक्यात 'गाफास' आणि दुसऱ्यात 'लेन्तेस' असे केलेत तर ऐकणारा घोटाळ्यात पडेल.

स्वभावाच्या शब्दांना धरबंध आहे, आणि तो प्रत्ययांचा आहे. 'कारिन्यो' म्हणजे माया, म्हणून 'कारिन्योसो' मायाळू. 'मेन्तिरा' म्हणजे खोटे, म्हणून 'मेन्तिरोसो' खोटारडा. 'चिस्मे' म्हणजे चुगली, म्हणून 'चिस्मोसो' चुगलखोर. क्रियापदापासून '-दोर' लावून 'त्राबाखादोर' म्हणजे कष्टाळू आणि 'आब्लादोर' म्हणजे बडबड्या होतो. या शब्दांचे स्त्रीलिंग 'आ' जोडून करावे लागते: त्राबाखादोरा. '-ओन' हा प्रत्यय अतिरेक दाखवतो आणि त्यात थोडी थट्टा असते: 'योरोन' रडका, 'दोर्मिलोन' झोपाळू, 'कोमिलोन' खादाड, 'मान्दोन' सतत हुकूम सोडणारा. रूपाकडे वळलात तर '-उदो' आहे, म्हणजे 'बार्बुदो' दाढीवाला आणि 'पेलुदो' केसाळ. '-इस्ता'चे शब्द पुरुषालाही तसेच आणि बाईलाही तसेच, म्हणून 'एल एस ओप्तिमिस्ता' बरोबर आहे. तिथे 'ओप्तिमिस्तो' करण्याचा मोह आवरा. 'आमाब्ले' आणि 'इंतेलिखेन्ते'सुद्धा लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, जसे आपले हुशार आणि प्रेमळ बदलत नाहीत.

नामाच्या आधी की नंतर, हेही एकदा पाहून ठेवा. 'उन ओम्ब्रे पोब्रे' याच्याजवळ पैसा नाही, आणि 'उन पोब्रे ओम्ब्रे' हा बिचारा आहे, मग तो लखपती का असेना. 'उन बिएखो आमीगो' हा जुना मित्र, वय काहीही असो.

मांडवीकाठ

स्वभावाचा विषय निघालाच आहे तर एक वाक्प्रचार टिपून ठेवा, कारण तो मराठी माणसाला एकदा ऐकून पाठ होतो. तोंडावर खरे बोलून मोकळा होणाऱ्या माणसाला 'नो तिएने पेलोस एन ला लेंग्वा' म्हणतात, म्हणजे त्याच्या जिभेवर केस नाहीत. आपल्याकडे अशा जिभेला हाड नसते. फरक एवढाच की आपल्या म्हणण्यात नाराजी असते आणि स्पॅनिशमध्ये पुष्कळदा कौतुक असते, त्यामुळे परीक्षकासमोर कोणाविषयी वापरता आहात ते पाहून वापरा.