मदत हवी आहे : १ लाख ८७ हजार किमी झालेल्या पेट्रोल गाडीला कोणते इंजिन ऑइल घालावे?

नमस्कार.

माझ्याकडे २००८ सालची मारुती वॅगन आर आहे. इंजिन १०६१ सीसीचे, चार सिलिंडरचे, पेट्रोल. २०१६ मध्ये गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा ९२ हजार किमी झाले होते, आज १ लाख ८७ हजार झाले आहेत. पंधरा वर्षे भरल्यावर २०२३ मध्ये पुनर्नोंदणी करून घेतली असल्याने २०२८ पर्यंत गाडी वापरण्याचा विचार आहे. मी वाईला राहतो आणि नोकरीसाठी रोज पसरणी घाट चढून पाचगणीला जातो, म्हणजे गाडीचा निम्मा प्रवास चढणीचा आणि निम्मा उताराचा असतो.

गेल्या वर्षभरात गाडी ऑइल पिऊ लागली आहे. अंदाजाने बोलण्यापेक्षा मी मोजून पाहिले. सकाळी इंजिन थंड असताना, सपाट फरशीवर गाडी उभी करून डिपस्टिक बघायची आणि मापाच्या बाटलीने वरच्या खुणेपर्यंत भरायचे, असे तीन वेळा केले. दर हजार किलोमीटरला साधारण ६०० मिली लागते. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला, तर सकाळी त्यावर जेमतेम दोन थेंब होते, तेव्हा गळती हे कारण दिसत नाही. धूर मात्र दिसतो, तोही विचित्र वेळी. घाट चढताना, इंजिनावर पूर्ण ताण असताना, आरशात काहीही दिसत नाही. पण दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडून घाट उतरलो आणि पायथ्याशी पुन्हा पाय दिला, की मागे निळसर लोट उठतो. सकाळी पहिल्यांदा चालू करतानाही एक झुळूक येते आणि लगेच थांबते.

आतापर्यंत मी १०डब्ल्यू-३० या ग्रेडचे, म्हणजे दाटपणाचे, ऑइल वापरत आलो. आता तीन जणांनी तीन सल्ले दिले आहेत. आमचे मेकॅनिक म्हणतात, ‘वीस-पन्नास (२०डब्ल्यू-५०) टाका, धूर बंद होईल.’ स्पेअर पार्टचे दुकानदार जुन्या गाड्यांसाठीचे म्हणून मिळणारे ‘हाय मायलेज’ सिंथेटिक ऑइल सुचवतात, ज्याची किंमत जवळजवळ दुप्पट आहे. मेहुण्यांचे म्हणणे असे, की ग्रेड अजिबात बदलू नये, कमी झाले की भरत राहावे. दाट ऑइल घातल्याने झीज भरून निघत नाही, फक्त धूर झाकला जातो, असे मला वाटते. पण हा तर्क कितपत बरोबर आहे आणि २०डब्ल्यू-५० मुळे थंडीतल्या सकाळी ऑइल वरपर्यंत पोहोचायला उशीर होऊन इंजिनाचे नुकसान होईल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ऑइल ठरवण्याआधी आपण लिहिलेल्या धुराकडे पाहू, कारण उत्तर बहुतांशी तिथेच आहे. पिस्टन रिंग, म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, झिजल्या असत्या, तर चढणीवर ताण पडताना धूर आला असता. उतारावर अॅक्सिलरेटर सोडल्यावर इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, निर्वात वाढतो आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सील कडक झाली असतील, तर त्यांच्या कडेने ऑइल आत ओढले जाते; पुन्हा पाय दिला की ते जळते. सकाळची झुळूकही त्याच जातीची, कारण रात्रभर ऑइल तिथून झिरपते. मात्र खात्रीसाठी कॉम्प्रेशन टेस्ट करावी, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजावा, एकदा कोरडी आणि एकदा प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून. दुसऱ्या वेळी आकडा बराच वाढला तर रिंग संशयित. न वाढल्यास रिंगांना दोष देऊ नये.

आता ग्रेड. पहिला आकडा थंडीतल्या प्रवाहाचा आहे. २०डब्ल्यू ऑइलवर इंजिन सुरू होण्याची कसोटी उणे १५ अंशांवर आणि १०डब्ल्यूची उणे २५ अंशांवर घेतली जाते. वाईत अशी थंडी पडत नाही, त्यामुळे २०डब्ल्यूने इंजिन बिघडेल ही भीती सोडावी, जरी सकाळी १०डब्ल्यू थोडे लवकर वर पोहोचते हे खरे आहे. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला किती दाटपणा राहतो ते सांगतो : ३० साठी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० साठी १२.५ ते १६.३, ५० साठी १६.३ ते २१.९ (सेंटिस्टोक हे दाटपणाचे एकक). तिशीवरून एकदम पन्नाशीवर जाण्यापेक्षा मी चाळीसवर थांबेन, म्हणजे १०डब्ल्यू-४०. डब्यावर एपीआय या अमेरिकन संस्थेचा पेट्रोल इंजिनांसाठीचा एसएल किंवा त्यानंतरचा, म्हणजे एसएम, एसएन, एसपी यांपैकी दर्जा असावा. १५डब्ल्यू-४० मागितले, तर दुकानदार बहुधा ट्रकसाठीचे सीआय-४ डिझेल ऑइल पुढे करतात, म्हणून डबा फिरवून पाहावा.

‘हाय मायलेज’ ऑइलमध्ये रबर मऊ करून किंचित फुगवणारी द्रव्ये असतात. कडक झालेल्या सीलला त्याचा थोडा उपयोग होतो, चिरलेल्या सीलला नाही. सील बदलणे हे हेडपुरते, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागापुरते काम आहे, त्यासाठी खालच्या बोअर-पिस्टनला हात लावावा लागत नाही. दुप्पट पैसे ऑइलवर घालवण्याऐवजी ते या कामासाठी ठेवावेत, असे माझे मत.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. टेस्ट करून घेतली. चारही सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे आले आणि ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर फारसे वाढले नाहीत, तेव्हा मेकॅनिकही ‘सीलच आहेत’ म्हणाले. तूर्त १०डब्ल्यू-४० भरले आहे. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ६०० ऐवजी ४०० मिली लागले; पायथ्याशी धूर अजून येतो, पण पूर्वीइतका दाट नाही. सील दिवाळीच्या सुट्टीत बदलणार आहे. त्या वेळी टायमिंग बेल्ट सुटणारच असल्याने तोही नवा टाकून घेईन, कारण गाडी घेतल्यापासून तो मी एकदाच बदलला आहे.